माझ्या नावाने दिलेला होकार

द्वारका, नवी दिल्ली, ८ एप्रिल

विनयाताई,

तुम्ही फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजपुढे एकच टिक दिसते, दुसरी येतच नाही. आणि ऑफिसच्या ईमेलवरून तुम्हाला लिहायची माझी हिंमत नाही, कारण ती पत्रं कोण कोण वाचतं याची आता मला खात्री वाटत नाही. म्हणून हा कागद. द्वारकेहून नोएडाला स्पीड पोस्ट! घरी प्रसन्न हसला. म्हणाला, ‘‘मेट्रोने गेलीस तरी लवकर पोचशील.’’ तुम्ही दार उघडाल असं वाटलं असतं तर मेट्रोनेच आले असते.

बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच. जूनमध्ये जर्मनीत बॉनला हवामानाच्या वाटाघाटी आहेत आणि त्यातल्या हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या (अनुकूलनाच्या) गटात आपल्या देशाच्या पाटीमागे मी बसणार आहे. म्हणजे तुमच्या खुर्चीत. मी ती मागितली नव्हती. शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून अविनाश सरांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला (त्यांनी मला चहा कधी विचारला होता ते आठवत नाही) आणि म्हणाले, ‘‘रसिका, दुनिया पूछती है, आपकी टीम में औरतें कहाँ हैं. विनया मैडम थीं, अब आप हैं. उन्होंने जाते-जाते आप ही का नाम दिया था.’’

तुम्ही माझं नाव दिलंत? मग जानेवारीत तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतलीत तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांशी हात मिळवलात आणि मी पुढे आले तेव्हा पर्समध्ये चष्मा शोधत राहिलात, ते काय होतं? चष्मा डोळ्यांवरच होता, ताई.

असो. मी भांडायला लिहीत नाही. कामाचं विचारायचं आहे. गेल्या नोव्हेंबरच्या परिषदेत मसुद्यातून आपला परिच्छेद गेला, तो कसा गेला हे मला समजून घ्यायचं आहे, कारण आफ्रिकेतल्या एका देशाने तो जसाच्या तसा पुन्हा मांडला आहे. तो आता बॉनला माझ्यासमोर येणार. मागच्या वेळी त्या खोलीत आपल्या बाजूने तुम्ही होतात. मी शेजारच्या दालनात दुसऱ्याच विषयावर बसले होते. बाहेर आले तर परिच्छेद नव्हता आणि तुम्ही कुणाशी बोलत नव्हतात.

एवढंच सांगा. काय झालं होतं?

तुमची
रसिका


द्वारका, २७ एप्रिल

विनयाताई,

उत्तर आलं नाही, म्हणून रविवारी मी खरंच आले. तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने इंटरकॉम लावला, थोडं ऐकलं, ठेवला आणि मला अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं, ‘‘मैडम कह रही हैं, घर पे नहीं हैं.’’

मी हसले. तोही हसला. मग मी परत मेट्रोत बसले आणि यमुना ओलांडेपर्यंत मला रडू येत राहिलं.

तुम्हाला माझा एवढा राग का आहे? मी पुण्याहून दिल्लीला आले तेव्हा मला हिंदीत धड रिक्षा ठरवता येत नव्हती. तुम्ही मला पहाडगंजला तुमच्या मराठी शाळेच्या गणपतीत नेलंत, सगळ्यांना ‘‘ही आपली रसिका’’ म्हणून सांगितलंत. माझ्या पहिल्या परिषदेत मी घाबरून हात वर करणार होते, तर तुम्ही टेबलाखालून माझा हात दाबून कानात म्हणालात, ‘‘हात नाही यार, पाटी. देशाची पाटी उभी कर, मग बोलायला मिळतं.’’ हे सगळं खरं होतं ना? की आता तेही तपासून बघायचं?

गेल्या आठवड्यात एका हॉटेलात महिला आणि हवामान नेतृत्व अशा नावाचा कार्यक्रम झाला. मला स्टेजवर बसवलं, हातात तुळशीचं रोप दिलं, फोटो काढले. अविनाश सरांनी माझी ओळख करून दिली, ‘‘निडर आवाज़’’ वगैरे. पण बोलायची वेळ आली तेव्हा माझं भाषण आधीच छापून माझ्यासमोर ठेवलेलं होतं. मी लिहून दिलेल्या भाषणातला मानेसरच्या कारखान्यांतल्या बायकांचा भाग त्यात नव्हता. विचारलं तर म्हणाले, ‘‘लंबा हो रहा था.’’

आणखी एक. आपल्या कक्षात निधी नावाची नवी मुलगी आली आहे. करोल बागेतल्या मराठी घरातली, इथेच वाढलेली, हुशार. मी जवळ गेले की ती लॅपटॉप मिटते. परवा जिन्यात फोनवर बोलत होती, ‘‘हो, त्यांनी त्या परिच्छेदाबद्दल विचारलं. हो, बिल्कुल. सांगते.’’ मला बघून फोन ठेवला. मी विचारलं, ‘‘कोण होतं गं?’’ म्हणाली, ‘‘मावशी.’’

कुठल्या मावशीला मसुद्यातल्या परिच्छेदांत रस असतो? ताई, ती मावशी तुम्ही तर नाही? निधीकडून माझी खबर घेत असाल तर थेट मलाच विचारा ना. मी सगळं सांगेन.

रसिका


द्वारका, २१ मे

विनयाताई,

गरम हवेने श्वास घेववत नाही. प्रसन्नची नोएडाची कंपनी घरून काम करू देते, आमचं ऑफिस देत नाही. काल तो म्हणाला, ‘‘तू आजकाल सगळ्यांकडे पोलिसासारखी बघतेस. मी दूध आणायला गेलो तरी, कुठे होतास?’’ मी म्हटलं, ‘‘कुठे होतास?’’ मग दोघं हसलो, पण त्याचं म्हणणं खोटं नाही.

या उन्हात मी एकटी मानेसरला जाऊन आले. ज्या वसाहतीत आपण दोघी गेलो होतो, तिथेच. सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या बायका शेअर ऑटोची वाट बघत भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. आपण गेलो होतो तेव्हा एका बाईने तुम्हाला सांगितलं होतं, ‘‘पानी कम पीते हैं मैडम. बार-बार जाने नहीं देते.’’ परतताना गाडीत तुम्ही म्हणालात, उष्णतेचा आकडा सगळे मोजतात, पण त्या उष्णतेत बाईला पाणी प्यायची आणि संडासला जायची मुभा आहे का, हे कोणी मोजत नाही. देशांनी ते मोजून जगाला सांगावं, एवढंच आपल्या परिच्छेदात होतं. चार ओळी. त्या चार ओळींसाठी तुम्ही किती देशांच्या बायकांना कॉफीला बोलावून पटवलंत ते मी पाहिलं आहे. फिजीच्या त्या बाई, सेनेगलच्या, कोलंबियाच्या. तुमच्याशिवाय ते शक्य नव्हतं. म्हणूनच मला कळत नाही.

काल अविनाश सरांनी बॉनची तयारी म्हणून बैठक घेतली. आपल्या भूमिकेच्या कागदांत तो परिच्छेद कुठेच नाही. विरोध असंही लिहिलेलं नाही, पाठिंबा असंही नाही. मी विचारलं, ‘‘सर, यावर आपण काय म्हणायचं?’’

‘‘कुछ नहीं कहना है. चुपचाप निकल जाए तो अच्छा. आज हमने ये अंदर लिया, तो कल हमारी ही फ़ैक्टरियों का हिसाब माँगेंगे.’’

‘‘पण सर, बाहेर तर आपण याच विषयावर भाषणं देतो.’’

ते माझ्याकडे बघून छान हसले. ‘‘विनया मैडम को समझ में आ गया था. पिछली बार उन्होंने खुद छोड़ा.’’

खुद छोड़ा. सगळ्यांसमोर म्हणाले. निधी वहीत काहीतरी लिहीत होती, तिने मान वर केली नाही.

मी घरी आले आणि जेवले नाही. ताई, मला खोटा धीर देणारं काही नको आहे. तुम्ही तो परिच्छेद सोडलात का? आपल्या दुसऱ्या कुठल्या मागणीच्या बदल्यात सोडला असेल तर तसं सांगा. मला समजेल. वाटाघाटीत देवाणघेवाण होते, हे तुम्हीच शिकवलंत. पण मग एवढी गुप्तता कशाला? आणि माझ्यावर राग कशाला? चूक करणारा माणूस साक्षीदाराला टाळतो, असं मला आता वाटू लागलं आहे. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहिते.

मी खुर्ची मागितली नव्हती हे पुन्हा सांगते.

रसिका


बॉन, १५ जून

विनयाताई,

हे पत्र इथल्या पोस्टातून टाकते आहे. काल काय झालं ते माझ्याकडून आधी तुम्हाला कळावं, दुसऱ्या कुणाकडून नाही.

दुपारची बैठक होती. पडद्यावर मसुदा. ज्या मजकुरावर एकमत नाही तो चौकटी कंसात, हे तुम्हाला काय सांगायचं. आपल्या चार ओळीही कंसात होत्या. म्हणजे जिवंत होत्या. समन्वयक होत्या त्या बार्बाडोसच्या बाई, तुम्हाला ओळखतात त्या. बैठक सुरू होण्याआधी अविनाश सर त्यांच्याशी कोपऱ्यात बोलत होते. मला वाटलं, शिष्टाचाराचं काही असेल. मग ते येऊन माझ्या मागच्या खुर्चीत बसले. त्यांच्या शेजारी निधी.

आपला परिच्छेद पडद्यावर आला. बाई म्हणाल्या, ‘‘हा परिच्छेद वगळण्यावर संबंधित देशांची सहमती असल्याचं मला कळवण्यात आलं आहे. कुणाची हरकत नसेल तर पुढे जाऊ.’’

संबंधित देशांत आपणही होतो. मी मागे वळून पाहिलं. अविनाश सर फोनमध्ये बघत होते. माझा फोन टेबलावर थरथरला. त्यांचाच मेसेज. ‘जाने दो.’

तेवढ्यात पलीकडच्या श्रीमंत देशांच्या गटातल्या एकाने ‘‘धन्यवाद, उत्तम’’ म्हणत कागद उलटलासुद्धा. ताई, माझ्या डोक्यात त्या क्षणी कुठलंही मोठं तत्त्व नव्हतं. मानेसरही नव्हतं. मला फक्त भयंकर राग आला, की माझ्या तोंडात दुसऱ्याने घास कोंबून ‘हिने खाल्लं’ असं सांगितलं. मी पाटी उभी केली.

‘‘आमची सहमती नाही.’’

बाई थांबल्या. ‘‘माफ करा, पण मला आपल्याच शिष्टमंडळाकडून कळवण्यात आलं होतं.’’

‘‘या विषयावर आमच्या वतीने या खोलीत मी बोलते. मी कळवलेलं नाही. परिच्छेद कंसात राहावा.’’

इअरफोनमधून माझंच भाषांतर फ्रेंचमध्ये ऐकू येत होतं कारण मी घाबरून चुकीचं बटण दाबलं होतं. मागून सर हळूच म्हणाले, ‘‘रसिका, बैठ जाइए.’’ मी बसलेलीच होते. मग सेनेगलच्या बाईंची पाटी उभी राहिली. ‘‘आमचीही सहमती नाही.’’ मग कोलंबिया. मग फिजी. ज्यांना तुम्ही कॉफीला नेलं होतं त्या सगळ्या, एकीमागून एक. परिच्छेद पडद्यावरून हलला नाही.

बैठक संपल्यावर त्या समन्वयक बाईंनी मला बाहेर गाठलं. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. ‘‘मला अविनाशने सांगितलं होतं की परिच्छेद तुम्हालाच, रसिकालाच, नकोय. बाई असून बायकांच्या परिच्छेदाला उघड विरोध करणं तुम्हाला अवघड जातंय, म्हणून तुमच्या वतीने तो शांतपणे कळवतोय. मागच्या वेळी हेच मला विनयाच्या नावाने सांगितलं गेलं होतं.’’

म्हणजे तुम्ही सोडला नव्हता. माझ्या मनात तुमच्याविषयी जे जे आलं त्याची लाज वाटली. पण बाई पुढेही बोलल्या. ‘‘मागच्या वेळी मी हे वाचून दाखवलं तेव्हा विनयाकडे बघितलं होतं. हरकत घेईल म्हणून थोडी थांबलेसुद्धा. तिने मान खाली घातली.’’

का, ताई?

रसिका


द्वारका, ४ जुलै

विनयाताई,

परवा तुम्ही दारात उभ्या होतात तेव्हा प्रसन्नला वाटलं कुरिअरवाला आला. तुम्ही बसलात, चहा न पिता गेलात, आणि त्यानंतर मी तुमच्याशी मनात इतकं बोलले आहे की लिहिल्याशिवाय सुटका नाही.

तुम्ही म्हणालात, ‘‘मला माहीत होतं. त्याने कोपऱ्यात जाऊन सांगितलं ते मी बघितलं होतं. मी पाटी उभी केली असती तर पुढच्या वेळी त्या खुर्चीत बाई नसती, यार. इतकी वर्षं लागली तिथे बसायला. एक परिच्छेद गेला तर परत आणता येतो. खुर्ची गेली की गेली.’’

आणि मग म्हणालात, ‘‘पण खुर्ची तरी कुठे राहिली? जानेवारीत त्याने मला सांगितलं, रसिकाने हाँ कह दिया है, वो तैयार बैठी है. मला वाटलं, तू आणि तो मिळून. म्हणून मी निवृत्तीच घेतली.’’

मी ओरडले त्याबद्दल माफ करा. पण मला त्या माणसाने सांगितलं होतं की माझं नाव तुम्ही दिलंत, आणि तुम्हाला सांगितलं की मी आधीच होकार दिला. तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं! दोघींना दोन गोष्टी सांगितल्या आणि आपण दोघींनी त्या खऱ्या मानल्या. एका शहरात राहून. मी म्हटलं, ‘‘तुम्ही मला एक फोन करून विचारायला हवं होतं.’’ त्यावर तुम्ही म्हणालात, ‘‘तू तरी विचारलंस? तुझी सगळी पत्रं वाचली मी. प्रत्येक पत्रात उत्तर तूच ठरवून टाकलं होतंस, मग मला विचारत होतीस.’’

हे मला लागलं. कारण खरं आहे.

पण ताई, तुम्ही मान खाली घातलीत हेही खरं आहे. मी पाटी उभी केली, आणि माझी खुर्ची गेली. सोमवारी पत्र हातात आलं. मला वार्षिक अहवालाच्या संपादनाला पाठवलं आहे, तळमजल्यावर, फोटोकॉपी यंत्राशेजारी. म्हणजे तुम्ही म्हणत होतात तसंच झालं. आणि तरी मला वाटतं, मी बरोबर केलं. तुम्ही चूक केलीत असं म्हणायला मन होत नाही आणि बरोबर केलंत असंही म्हणवत नाही.

आता ऐका. नोव्हेंबरच्या परिषदेला त्या खुर्चीत निधी बसणार आहे. तिला सांगितलंय की तिचं नाव मी दिलं.

काल मी तिला कँटीनमध्ये गाठलं. ती उठून जायला लागली. मी म्हटलं, ‘‘निधी, मी तुझं नाव दिलेलं नाही. कुणी विचारलंही नाही मला.’’ तिने डोळे बारीक केले. ‘‘म्हणजे तुम्हाला मी नको होते?’’ बघा, काहीही बोला, त्यातून संशयच निघतो. मग मी विचारलं, ‘‘जिन्यातली मावशी कोण होती?’’ तिने समोसा कुस्करला. मग म्हणाली, ‘‘सर होते. तुम्ही त्या परिच्छेदाबद्दल काय बोलता ते रोज विचारायचे. मला वाटलं, हे सगळीकडे असंच असतं. जॉब नवीन होता.’’ आणि मग, ‘‘पण आता तुम्ही मला हे का विचारताय? तुम्हाला कुणी पाठवलंय का?’’

मी तिला सगळं सांगितलं. तुमचं, माझं, बार्बाडोसच्या बाईंचं. तिने ऐकलं, पण तिच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. का असावा? मी हटवलेली बाई आहे, माझं बोलणं कडवट वाटणारच.

तुम्ही तिच्याशी बोलाल का? माझ्यासाठी नाही. तिला तुमचा पत्ता दिला आहे. ती येईल की नाही माहीत नाही.

रसिका


नोएडा, १० ऑगस्ट

रसिका,

मी काही तुझ्यासारखं लिहिणारी नाही. मराठी बोलते घरात, लिहायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत, तेव्हा हिंदी आलं तर चालवून घे.

निधी आली. तुझ्या पत्रानंतर लगेच नाही, खूप दिवसांनी, आईला बरोबर घेऊन आली. माझ्यावर भरोसा नव्हता म्हणून आई! ती बिचारी सोफ्यावर बसून आमचं सगळं ऐकत होती आणि मधेमधे म्हणत होती, ‘‘अगं निधी, मॅडमना असं विचारू नये.’’ पण मुलीने विचारलं. ‘‘तुम्ही तेव्हा गप्प का बसलात?’’ तुला सांगितलं तेच तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग मी तुमच्यावर विश्वास का ठेवू?’’

मी म्हटलं, ‘‘नको ठेवूस.’’

तेव्हा तिने पुढचं विचारलं. ‘‘हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाल का? सर बसलेले असताना?’’

तुला माहीत आहे मी कशी आहे. घरात बसून राग करायचा, बाहेर शिष्टाचार पाळायचा. रात्रभर तेच ऐकू येत होतं. शुक्रवारी विकसनशील देशांच्या आपल्या गटाची तयारीची बैठक होती दिल्लीत, जुन्या वाटाघाटी करणाऱ्यांना बोलावतात ना, हार-शाल घालायला. मी टाळणार होते, पण गेले. शाल घेतली, माइक घेतला, आणि बोलले. ‘‘गेल्या नोव्हेंबरमध्ये माझ्या नावाने होकार दिला गेला. मी तो दिला नव्हता. आणि मी हरकत घेतली नाही, ती माझी जबाबदारी. जूनमध्ये हेच रसिकाच्या नावाने केलं, तिने हरकत घेतली, म्हणून ती आज या खोलीत नाही.’’

अविनाश उभा राहिला. इतकं गोड बोलला. ‘‘मैडम की तबीयत ठीक नहीं रहती आजकल.’’ मला वाटलं, संपलं, आता सगळे चहाकडे जातील. तर सेनेगलच्या बाई उठल्या. म्हणाल्या, ‘‘तिची तब्येत मला चांगली दिसते. मला हे लिहून हवं आहे की यापुढे कुठल्याही देशाचा होकार, त्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीने माइकवर बोलल्याशिवाय गटात धरला जाणार नाही.’’ मग फिजी. मग आपली निधी. ती सगळ्यात मागे बसली होती, तिला बोलायचा अधिकारही नव्हता, तरी उभी राहिली. म्हणाली, ‘‘मी या खुर्चीत बसणार असेन तर या नियमावरच बसेन.’’

नियम झाला. अविनाशला कुणी हटवलं नाही, तसं होत नसतं, तो अजून त्याच केबिनमध्ये आहे आणि परवा निधीला त्याने चहा पाजला म्हणे. निधीने मला फोन करून विचारलं, प्यावा का? मी म्हटलं, चहा पी, पण काही हो म्हणू नकोस. नोव्हेंबरला त्या चार ओळी राहतील की जातील ते मला माहीत नाही. पण जायच्या असतील तर आता कुणीतरी तोंडाने म्हणावं लागेल, आणि म्हणणाऱ्याचं नाव लिहिलं जाईल.

तुझी जागा परत मिळण्याचं माझ्या हातात नाही. प्रयत्न करते आहे. दोघा-तिघांशी बोलले, त्यांनी बघतो म्हणून सांगितलं, म्हणजे तुला कळलंच.

आता माझं काम. तुझ्या घरून आले तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात अडकली आहे. तू पत्रांत दोनदा लिहिलंस, मी खुर्ची मागितली नव्हती. पुन्हा कशाला लिहिलंस? मागितली नव्हतीस हे मला आता पटलं आहे. पण ती मिळाली तेव्हा तुला आनंद झाला असेल ना? थोडा तरी? मी गेले त्याचा नाही म्हणत, खुर्ची मिळाली त्याचा. मी पहिल्यांदा तिथे बसले तेव्हा मला इतका झाला होता की मी बाथरूममध्ये जाऊन एकटीच हसले होते, आणि ज्यांच्या जागी बसले त्यांचा विचारसुद्धा आला नाही.

शनिवारी जेवायला ये. एकटी ये, प्रसन्नला पुढच्या वेळी. समोर बसून खरं सांग. हो म्हणालीस तरी वाढेन.

विनया